भारत-युरोप करार झाला, आता रावेरची केळी तिकडे जाईल का?

तापीकाठ (रावेर तालुका):

राम राम मंडळी. २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत भारत आणि युरोपीय संघ यांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून आमच्या गावच्या पारावर हाच विषय आहे. कुणी म्हणतं आता केळी थेट जर्मनीला जाणार. कुणी म्हणतं हे सगळं मोटारवाल्यांसाठी आहे, आपला काही संबंध नाही.

आमची केळीची बाग टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांची, ग्रॅन्ड नैन जातीची. अर्धी नवती (नवी लावणी), अर्धा कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली). घड चांगला भरला की पॅकहाऊसवाले कटाई करून नेतात, तो माल इराण, इराक, दुबईकडे जातो. उरलेला ट्रकनं उत्तरेत. आखातात जरा काही झालं, एखादं बंदर अडलं, की इकडे बांधावरचा भाव आठवड्यात कोसळतो. आबांचं म्हणणं आहे की एकाच दिशेच्या गिऱ्हाइकावर विसंबून एवढं कर्ज काढायचं नाही, आणि ते मला पटतं. म्हणून युरोपचं खरंच काही होत असेल तर आत्तापासून तयारीला लागायचं आहे. ग्लोबल गॅपचं (शेतीची पद्धत सुरक्षित आहे असं सांगणारं, परदेशी गिऱ्हाईक मागतं ते) सर्टिफिकेट काढा असं एक जण मागे लागलाय, त्याला खर्च बराच आहे. करारानं कर किती कमी होतो, आणि कर कमी झाला की माल जातो का? ज्यांना कामातून माहिती आहे त्यांनी सांगा, ऐकीव नको.

सावदा_पॅकिंग:

भाऊ, मी सावद्याजवळ एका पॅकहाऊसवर क्वालिटी बघते. बीएस्सी ॲग्री झाल्यापासून हेच काम. फण्या तुरटीच्या पाण्यातून निघाल्या की पहिली नजर माझी. तुमच्या प्रश्नाला दोन भाग आहेत आणि लोक पहिल्यावरच अडकून बसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी कर. युरोपात केळीवरचा कर टक्क्यात नाही, टनावर आहे. केळीवरून लॅटिन अमेरिका आणि युरोप यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं, जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेलं होतं. ते डिसेंबर २००९ मध्ये जिनिव्हात मिटलं. तेव्हा टनाला १७६ युरो कर होता, तो टप्प्याटप्प्यानं ११४ युरोवर आणायचं ठरलं. ज्यांचा वेगळा करार नाही त्यांना हा ११४ चा दर लागतो. इक्वेडोर, कोलंबिया, कोस्टा रिका यांचे स्वतःचे करार आहेत, ते ७५ युरो भरतात. कॅमेरून, आयव्हरी कोस्ट यांना काहीच नाही. आणि युरोपची स्वतःचीही केळी आहे बरं का, स्पेनच्या कॅनरी बेटांवर आणि फ्रान्सच्या मार्टिनिक-ग्वादलूपमध्ये. त्या शेतकऱ्यांना युरोपीय संघ पैशाची मदत देतो.

टनाला ११४ युरो म्हणजे किलोला साधारण १२ रुपये. मंदीत तेवढा तर आपला बांधावरचा भाव नसतो. म्हणून कर बिनमहत्त्वाचा आहे असं मी म्हणणार नाही. करारातल्या शुल्काच्या तक्त्यात केळीची ओळ काढा आणि ती ७५ शी ताडून बघा. आकडा ७५ च्या वर राहिला तर इक्वेडोरशी भावात लढताच येणार नाही.

पण समजा उद्या कर शून्य झाला, तरी आज आपल्याकडचा बहुतेक माल तिथल्या बंदरावर अडेल. कारण फवारणी. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक युरोपनं २०२० मध्ये बंद केलं आणि फळातली मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. हिशोब करून बघा, २० टनांच्या अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून ०.२ ग्रॅम. आपल्याकडे सोंडकिड्यासाठी लोक ते बुंध्याशी ओततात आणि नंतर विसरून जातात. करप्यावर सर्रास मारतो त्या मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची मान्यताही युरोपनं २०२० च्या शेवटी काढून घेतली. आणि ज्या औषधाला तिथे मर्यादाच ठरवून दिलेली नाही त्याला सरसकट तेच ०.०१ लागतं. आखाती गिऱ्हाईक रंग, लांबी, डाग बघतं. युरोपचं गिऱ्हाईक आधी लॅबचा कागद बघतं.

नाशिकवाल्यांनी हे भोगलंय. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले. त्या वेळी कर एका पैशानं वाढला नव्हता. नंतर त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं आहे. अपेडाची (केंद्र सरकारची शेतमाल निर्यातीची संस्था) ग्रेपनेट ही द्राक्षबागांच्या नोंदीची व्यवस्था आधीपासून होती, ती कडक केली. प्रत्येक बागेची नोंदणी, प्रत्येक फवारणीची तारीख, काढणीआधी नमुना, आणि नमुना पास झाल्याशिवाय काढणी नाही. नेदरलँड्सच्या दुकानात आज जी नाशिकची द्राक्षं दिसतात ती या नोंदीवर उभी आहेत. केळीत आपण तिथे पोचायचंय. आपल्या मालात खोट नाही, हे मी रोज हातात घेऊन बघते. युरोपची अट बोटाची लांबी किमान १४ सेंटिमीटर आणि जाडी २७ मिलिमीटर. आपली ग्रॅन्ड नैन ती सहज ओलांडते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ मध्ये तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला गेली. फळ आहे, नाव आहे. फवारणीच्या नोंदीची वही नाही.

अंतराचंही बघा. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून आखातात काही दिवसांत माल उतरतो. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला सुवेझमार्गे तीन ते चार आठवडे. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, म्हणजे आणखी दीड-दोन आठवडे. एवढा वेळ केळी हिरवी ठेवायची तर कटाई कमी पक्वतेवर करावी लागते आणि कंटेनर १३-१४ अंशांवर अखंड राहावा लागतो. १३ च्या खाली गेला की साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही. त्याच २०२३ मध्ये अपेडाच्या पुढाकारानं बारामतीहून केळीचा प्रायोगिक कंटेनर समुद्रमार्गे नेदरलँड्सला गेला होता, म्हणजे वाट अशक्य नाही. पण प्रयोग म्हणून एक कंटेनर पोचवणं वेगळं आणि तिथल्या सुपरमार्केटला वर्षभर दर आठवड्याला त्याच प्रतीचा माल देणं वेगळं. त्यासाठी गावच्या गावं एका वेळापत्रकानं लावणी करणारी पाहिजेत.

धुळे_जिनिंग:

ताईंनी केळीचं चांगलं सांगितलं. पण माझ्या मते खान्देशाला या करारातून काही मिळायचं असेल तर ते आधी कापसातून मिळेल. आमचं कुटुंब जिनिंगमध्ये आहे, गाठी गुजरातच्या सूतगिरण्यांना जातात.

युरोपात आपल्या तयार कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत कर लागत आला. बांगलादेशाला शून्य, कारण तो अल्पविकसित देशांच्या यादीत. पाकिस्तानला २०१४ पासून खास सवलत. व्हिएतनामचा करार ऑगस्ट २०२० पासून लागू. कपड्याच्या धंद्यात नफाच मुळात तुटपुंजा, त्यात १२ टक्के म्हणजे ऑर्डर हातातून गेलीच समजा. गंमत नाही सांगत, आपलाच कापूस, आपलंच सूत बांगलादेशात जायचं आणि तिथून शर्ट होऊन बिनकराचा युरोपात उतरायचा. करार लागू झाला की आपल्या कपड्यांवरचा हा कर जाणार आहे. नोव्हेंबर २०२६ मध्ये बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचाय, युरोपनं त्यांना पुढे तीन वर्षं मुदत दिली आहे. म्हणजे २०२९ च्या आसपास ताकद बरोबरीची होईल.

फक्त एक सल आहे. कापूस शिरपूर, चोपडा, शहादा भागात पिकतो आणि शर्ट तमिळनाडूत तिरुपूरला शिवला जातो. कराराचा फायदा शिलाई करणाऱ्याला पहिला मिळतो, पिकवणाऱ्याला शेवटी, आणि तोही मिळाला तर. धुळे-नंदुरबारमध्ये शिलाईचे कारखाने आणायला हीच वेळ आहे. आपल्या आमदार-खासदारांनी हा प्रश्न लावून धरला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तापीकाठ:

ताई, दादा, दोघांचे आभार. ०.२ ग्रॅमचा हिशोब आबांना वाचून दाखवला. एक शंका. केंद्र सरकारनं करार केलाय तर युरोप औषधांची अट थोडी सैल करणार नाही का? आपण त्यांच्या मोटारींना सूट दिली ना.

अमळनेरचे_गुरुजी:

बेटा, तुझा प्रश्न रास्त आहे. मी राज्यशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या तेव्हापासून बातम्यांची कात्रणं ठेवली आहेत.

भारतानं युरोपीय आर्थिक समुदायाशी (आजच्या युरोपीय संघाचं जुनं रूप) राजनैतिक संबंध १९६२ मध्येच जोडले होते. २००४ मध्ये सामरिक भागीदारी झाली. तरी व्यापार करार २०१३ मध्ये अडला. त्यांना मोटारी आणि वाइनवरचा कर उतरवून हवा होता. आपल्याकडे परदेशी मोटारींवर ११० टक्क्यांपर्यंत आणि वाइनवर १५० टक्के कर. आपल्याला आपल्या तंत्रज्ञांसाठी व्हिसा सोपा हवा होता. कुणीच हललं नाही. जून २०२२ मध्ये पुन्हा सुरुवात झाली. युक्रेनच्या युद्धामुळे रशियन तेलावरून कुरबूर चालूच होती, जुलै २०२५ मध्ये तर युरोपनं रशियन कंपनीचा वाटा असलेल्या, गुजरातेतल्या वाडीनारच्या रिफायनरीवर निर्बंध लावले. आणि तरीही सहा-सात महिन्यांत करार ठरला. का? माझं मत असं, की २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के कर लावला आणि युरोपलाही अमेरिकेचा धाक वाटू लागला. दोघांनाही दुसरं गिऱ्हाईक पाहिजे होतं. तुझे आबा केळीबद्दल जे म्हणतात तेच दिल्ली आणि ब्रसेल्स म्हणत होते.

आता तुझी शंका. कर हा घासाघिशीचा विषय आहे, अन्नसुरक्षा नाही. युरोपनं प्रत्येक कराराच्या वेळी सांगितलंय की आमचे आरोग्याचे नियम जसेच्या तसे राहतील, याही वेळी तेच सांगितलं. १ मे २०१४ आठव. फळमाशी सापडली म्हणून त्यांनी हापूस बंद केला आणि सोबत चार भाज्या. त्यात वांगीही होती. आपल्या भरताच्या वांग्याच्या मुलखातल्या किती जणांना हे कळलं असेल? आंब्यावर प्रक्रिया आणि तपासणी नीट झाल्यावर जानेवारी २०१५ मध्ये त्यांनीच बंदी उठवली. त्यांचं दार असं उघडतं. आपणही दूध-दुभतं या करारातून बाहेर ठेवलंच ना, जसा आपला हट्ट तसा त्यांचा.

आणि वाटाघाटी पूर्ण होणं म्हणजे करार लागू होणं नव्हे. मजकुराची कायदेशीर तपासणी, युरोपातल्या सगळ्या भाषांत भाषांतर, सह्या, मग युरोपीय संसदेची मंजुरी. तुझ्या हातात एक-दोन हंगाम आहेत.

सावदा_पॅकिंग:

गुरुजी म्हणतात तसे एक-दोन हंगाम हातात आहेत, ते वापरा. सर्टिफिकेटवर एकट्यानं खर्च करू नका. ग्लोबल गॅप गटानंही मिळतं. तुमच्या शिवारातले जे शेतकरी नोंदी ठेवायला तयार असतील त्यांचा गट किंवा शेतकरी कंपनी करा, खर्च वाटला जातो आणि कंटेनर भरण्याइतका एकसारखा मालही निघतो.

त्याआधी या कांदेबागेचा नमुना काढा. कटाईच्या आठवडाभर आधी बागेच्या वेगवेगळ्या ओळींतल्या घडांमधून फळं घ्या आणि एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबला द्या. युरोपच्या यादीप्रमाणे तपासणी हवी असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते आपल्या देशातल्या मर्यादेनं पास करून देतात. फळ सालीसकट द्यायचं. आपले लोक म्हणतात साल तर फेकूनच देतात, पण युरोपची केळीची मर्यादा सालीसकट फळाला आहे. रिपोर्ट आला की इथे टाका, कुठलं औषध कुठून आलं ते आपण ओळीनं बघू.

तापीकाठ:

शेजारचे दोन भाऊबंद वहीसाठी तयार झालेत. नमुना पुढच्या कटाईआधी पाठवतो ताई. बुंध्याशी ओतायचं औषध आबांनी या पाण्यापासून बंद केलंय, सोंडकिड्याला दुसरं काय चालेल तेवढं सांगा.