पाठीमागे वेलक्रो नको, बाजूला गाठ हवी

हॉस्पिटलचा पेशंट-गाऊन मागून उघडा पडतो, म्हणून नाड्या काढून पाठीला वेलक्रो लावा, असं काही जण सुचवतात. पण धुलाईत वेलक्रोत धागे-केस अडकतात आणि पकड जाते. गाऊन उघडा पडतो त्यात मूळ गडबड घेराची आहे. नितंबाचं माप ४२ इंच असेल तर घेर ५६ तरी ठेवा, म्हणजे १४ इंच पल्ला एकावर एक येतो. आतली नाडी काजातून काढून बाहेरचीला कमरेच्या बाजूला बांधायची. मणक्यावर गाठ आली की झोपलेल्या पेशंटला ती रात्रभर टोचते. सलाईनसाठी बाही खांद्यापासून उघडी, प्लास्टिकची टिचबटणं. धातूची एमआरआयला चालत नाहीत, एक्स-रेतही दिसतात.

कापड बेतण्याआधी धुवा. सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, ४८ इंची गाऊन दीड ते अडीच इंचांनी आखूड होतो. काही हॉस्पिटलं लवकर वाळतं म्हणून पॉलिस्टर घेतात, पण मे महिन्यात परभणी-लातुरात ते घामानं अंगाला चिकटतं. जाड सुतीच बरं, रंग गडद. पांढरं ओलं झालं की आरपार दिसतं.

आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या बायांना गाऊनसोबत डोक्यावर घ्यायला दोन मीटरचं सुती फडकं द्याच.