मदत हवी आहे: श्वासनलिकेच्या स्लाइडवर अभिस्तर (आतले पेशींचे अस्तर) सुटतोय, सिलिया (पेशींवरचे सूक्ष्म केस) दिसत नाहीत

बोकडाच्या श्वासनलिकेचे पॅराफिन छेद (मेणात बसवून कापलेले पातळ काप) करतोय. खोट्या-बहुस्तरीय (एकच थर, पण अनेक थरांचा भासणाऱ्या) सिलियायुक्त अभिस्तर ऊतीची स्लाइड बारावीनंतरच्या वर्गासाठी हवी आहे. कूर्चा सुरेख येते, पण अभिस्तर आधारपटलापासून (त्याखालच्या पातळ पडद्यापासून) पट्टीसारखा सुटतो आणि सिलियांच्या जागी नुसता गुलाबी चिखल उरतो.

पद्धत: ४ मिमी जाडीची कडी, १०% बफर फॉर्मॅलिनमध्ये २४ तास, ७०, ९०, १००% अल्कोहोल, झायलीन, ६० अंशांचे मेण, ५ मायक्रॉन छेद, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंग.

करून पाहिले: मेयर अल्ब्युमिन (छेद काचेला चिकटवायला), ओव्हनमध्ये जास्त वेळ, नवे ब्लेड. फरक शून्य. न रंगवलेल्या छेदातही फट दिसते, म्हणजे दोष स्लाइडला चिकटण्याचा नाही, आधीचाच आहे. संशय दोन: खाटकाकडून नळी हातात येईपर्यंत दोनेक तास जातात, त्यात पेशी स्वतःच्याच विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळत असाव्यात; शिवाय श्लेष्मा काढायला नळाच्या पाण्याने धुतो, त्याने पेशी फुगत असतील.

क्रायोस्टॅट (ऊती गोठवून कापणारे यंत्र) नाही. बुआँ द्रावण (फॉर्मॅलिनसारखेच ऊती टिकवणारे फिक्सेटिव्ह) बनवता येईल.

कापल्यापासून किती मिनिटांत नळी फिक्सेटिव्हमध्ये जायला हवी? धुवायचेच तर ०.९% सलाइनने चालेल का? आणि या जाडीला बुआँमध्ये किती तास ठेवता?