रायझन ५ ७६०० ओव्हरक्लॉक करून ७८००एक्स३डी ची बरोबरी होते का?

नागपूरकर_रिग:
नमस्कार मंडळी, नवीन पीसी बांधायचाय आणि घोडं प्रोसेसरपाशी अडलंय. एकीकडे रायझन ५ ७६००, दुसरीकडे रायझन ७ ७८००एक्स३डी, किमतीत जवळपास दुप्पट फरक. मित्र म्हणतो ७६०० घे, त्यावर दणकट कूलर बसव आणि ओव्हरक्लॉक कर (म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालव), वरच्या चिपएवढं काम देते, उगाच पैसे कशाला घालतोस. मॉनिटर आधीच घेऊन ठेवलाय, १४४०पी, १६५ हर्ट्झ. गेम खेळतो सायबरपंक, सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २), व्हॅलोरंट आणि सुट्टी मिळाली की फॅक्टोरिओ. महागाचा प्रोसेसर घेतला तर ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० टीआय वर थांबवावं लागेल, स्वस्तातला घेतला तर ४०७० बसतं बजेटमध्ये. आणि खोलीत एसी नाही, वाळ्याचा कूलर आहे, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो हे सांगायला नकोच. ओव्हरक्लॉकिंग कधी केलेलं नाही पण शिकायची तयारी आहे. काय करू?

सेलेरॉनवाला:
तुझा मित्र सांगतोय ते एका काळी शंभर टक्के खरं होतं रे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला होता, ३०० मेगाहर्ट्झचा, बसचा वेग ६६ वरून १०० केला की तोच चिप सरळ ४५० वर धावायचा, म्हणजे दीडपट, आणि गेममध्ये कितीतरी महागड्या पेंटियम २ च्या मांडीला मांडी लावून बसायचा. ओव्हरक्लॉकिंगचं जे वेड लोकांच्या डोक्यात बसलं ते तिथून. पण तेव्हा कंपन्या चिपमध्ये बरीच ताकद शिल्लक ठेवून विकायच्या, आता तसं राहिलेलं नाही, चिप स्वतःच तापमान आणि वीज बघून जेवढं जमेल तेवढा बूस्ट घेते. ७६०० कारखान्यातूनच ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जाते, पीबीओ (एएमडी चं ओव्हरक्लॉकिंगचं सेटिंग) मधून जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झ वाढवता येतात, म्हणजे झाले ४ टक्के. तेही प्रत्येक नगाला झेपेलच असं नाही.

आणि खरी गोम पुढे आहे. ७८००एक्स३डी चा बूस्ट ५.० गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे ७६०० पेक्षा कमी! तरी गेममध्ये ती पुढे असते कारण तिच्यात एल३ कॅशे (चिपमध्येच असलेली झटपट मेमरी) ९६ एमबी आहे आणि ७६०० मध्ये ३२. फोडणी टाकताना मिसळणाचा डबा ओट्यावरच असला तर काम कसं पटापट होतं, दर वेळी माळ्यावर चढावं लागलं तर हात कितीही चपळ असून उपयोग काय, तसं आहे हे. प्रोसेसरला रॅमपर्यंत जायला जो वेळ लागतो तो क्लॉक वाढवून वाचत नाही, कॅशे असावीच लागते आणि ती बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) वाढवता येत नाही. त्यामुळे बरोबरी होते का या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे.

ओटीवरचा_बिल्डर:
वरच्यांशी सहमत, पण म्हणून डोळे झाकून एक्स३डी घ्या असं मी अजिबात म्हणणार नाही. १४४०पी ला सायबरपंक सगळं चालू करून खेळणार असाल तर दम कार्डाचा निघतो, प्रोसेसर बसून राहतो. ४०६० टीआय ची मेमरी बस १२८ बिटची आणि स्वस्त मॉडेलला ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), ४०७० ला १९२ बिट आणि १२ जीबी, हा फरक रोज डोळ्यांना दिसेल. मी तरी ७६०० आणि ४०७० हीच जोडी घेईन. शिवाय ७६०० च्या खोक्यात कूलर येतो, एक्स३डी सोबत येत नाही, तो खर्च वेगळा धरा.

घेतल्यावर आफ्टरबर्नर (कार्डावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि खेळताना जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड किती टक्के चालतंय ते बघा. ९७-९९ दाखवत असेल तर प्रोसेसर बदलून हाती काही लागणार नाही. ७०-८० वरच घुटमळत असेल आणि रिझोल्यूशन कमी करूनही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वाढत नसतील तर मात्र प्रोसेसर कमी पडतोय, फक्त एफपीएस ला कुठे लिमिट लावलेलं नाही ना ते आधी तपासा.

शेंडी_तुटो:
मी थोडं विरोधात बोलतो. त्यांनी सीएस२ आणि फॅक्टोरिओ लिहिलंय ते कुणी नीट वाचलं नाही वाटतं. हे दोन्ही प्रोसेसरवर चालणारे गेम. फॅक्टोरिओत कारखाना अवाढव्य झाला की ६० यूपीएस (सेकंदाला गेमचे अपडेट) टिकवणं जड जातं आणि तिथे मोठ्या कॅशेचा फायदा होतो. सीएस२ मध्ये सरासरी एफपीएस पेक्षा १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेम्सचा वेग) महत्त्वाचा, स्मोक ग्रेनेड फुटला की जो झटका बसतो तो त्यातच दिसतो. १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन झटके खायचे असतील तर काय अर्थ आहे.

दुसरं म्हणजे उन्हाळा. वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के आणि क्लॉक ५ टक्के वाढवलं की वीज २७ टक्के जास्त, आणि त्याची सगळी उष्णता तुमच्याच खोलीत. कुठलाही हवेवरचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोलीच ४० वर असेल तर जानेवारीत चाललेली सेटिंग मे महिन्यात क्रॅश होणार हे गृहीत धरा. नागपुरात बसून व्होल्टेज वाढवायचा नादच नको.

ओटीवरचा_बिल्डर:
उन्हाळ्याचं अगदी बरोबर. म्हणून मी उलटं सुचवतो, व्होल्टेज वाढवायचं नाही, कमी करायचं. कर्व्ह ऑप्टिमायझर (बायोसमधलं चिपचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं सेटिंग) मध्ये निगेटिव्ह १० पासून सुरुवात करा, ओसीसीटी (चिपवर ताण देऊन तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर चालवा, टिकलं तर १५, मग २०. एक लक्षात ठेवा, फुल लोडवर टिकलेली सेटिंग कधी कधी नुसतं ब्राउझर उघडं असतानाही रिस्टार्ट मारते, तेव्हा हलक्या कामातही दोन दिवस बघा. शिकायची हौस यात पूर्ण भागते आणि चिप थंड राहते.

आणि रॅम! ७६०० ला खरा फायदा तिथे आहे. डीडीआर५ ६०००, सीएल३० (सीएल म्हणजे रॅमचा विलंब, जितका कमी तितका बरा) चं किट घ्या आणि बायोसमध्ये एक्सपो (रॅम जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम ४८०० वर चालत राहते आणि कित्येकांना पत्ताच नसतो. कमी कॅशेच्या चिपला वेगवान रॅमचा उपयोग एक्स३डी पेक्षा जास्त होतो.

नागपूरकर_रिग:
खूप आभार सगळ्यांचे, डोक्यातला गुंता बराच सुटला. ७६०० आणि ४०७० घेतो. दुकानदार ए६२० मदरबोर्ड देतोय, स्वस्त पडतो. चालेल?

सेलेरॉनवाला:
ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग मिळत नाही, रॅमचा एक्सपो चालतो. पण स्वस्तातल्या ए६२० बोर्डांचं व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) अगदी जेमतेम असतं, उद्या एक्स३डी बसवायची झाली तर मन धजावणार नाही. बी६५० घे. एएम५ सॉकेटला (प्रोसेसर बसवायची जागा) एएमडी ने २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट सांगितलाय, फॅक्टोरिओत फारच अडलं तर दोन-तीन वर्षांनी ७६०० विकून त्याच बोर्डावर एक्स३डी टाकता येईल. आणि बोर्ड आला की एक्सपो चालू करायच्या आधी बायोस अपडेट कर. २०२३ मध्ये एक्सपो लावल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (चिपच्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं व्होल्टेज) जास्त देत होते आणि एक्स३डी चिपा जळाल्या होत्या, नंतर एएमडी ने १.३ व्होल्टची मर्यादा घातली, ती नव्या बायोसमध्येच आहे.