मदत हवी आहे: सोयाबीन तेलाच्या झिंक साबणाने रबर कंपाउंड लवकर जळतंय (स्कॉर्च)

नैसर्गिक रबर (आरएसएस-4, धुरावर वाळवलेल्या शीटचा एक दर्जा) 100 भाग, एन330 कार्बन ब्लॅक 50, झिंक ऑक्साइड 5, स्टिअरिक ॲसिड 2, सीबीएस (गंधकाची क्रिया वेगवान करणारा प्रवेगक) 0.8, गंधक 2.2. यात प्रोसेसिंग एड म्हणून 3 भाग झिंक साबण ब्लॅकच्या आधी टाकतोय. मूनी (कच्च्या कंपाउंडच्या घट्टपणाचं माप) 68 वरून 57 वर आली, मिलवर पट्टा छान बसतो. पण 120 अंशांवर स्कॉर्च टाइम (कंपाउंड वेळेआधी पक्कं व्हायला लागेपर्यंतचा वेळ) 14 मिनिटांवरून 9 वर घसरला.

साबणाची कृती: 100 ग्रॅम तेल (सॅपोनिफिकेशन मूल्य, म्हणजे साबण व्हायला लागणाऱ्या अल्कलीचं माप, 190), 13.5 ग्रॅम कॉस्टिक सोडा, मग 49 ग्रॅम झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट, गरम पाण्याने तीन धुण्या. हिशोबाने राख 13 टक्क्यांच्या आसपास हवी, येते 14.6. धुण्याच्या पाण्याचा पीएच 9.

संशय उरलेल्या अल्कलीवर आहे, कारण सीबीएस अल्कलीने लवकर पेटतं. पण विरघळणारं झिंक वाढल्यानेही तसंच होईल ना? जास्तीची राख सोडियम सल्फेटची की बेसिक झिंक साबणाची (ज्यात झिंक जास्तीचं असतं), हे कसं ओळखायचं? बेरियम क्लोराइडची (सल्फेट ओळखायची) चाचणी पुरेल का? स्टिअरिक ॲसिड 1 वर आणावं, की सरळ 0.15 भाग पीव्हीआय (स्कॉर्च लांबवणारं रसायन) घालावं? पीव्हीआयने मूळ दोष झाकला जाईल, म्हणून हात आखडतोय.