वजन ५० किलो, हिमालयन ४११ मागून उडते. सस्पेन्शन कसं लावून घेऊ? (पुणे)

वारज्याची_रायडर

नमस्कार. दिवाळीनंतर सेकंडहँड रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ घेतली. माझं वजन ५० किलो, हेल्मेट-जॅकेट-बूट धरून ५६. रोज वारजे ते हिंजवडी, आणि महिन्यातून एकदोनदा आईला मागे बसवून पानशेतच्या बाजूला, आजोळी.

एकटी असले की मागचं चाक प्रत्येक खड्ड्यात टणकन उडतं. स्पीडब्रेकरवर मी सीटवरून उचलली जाते. खडकवासल्याच्या पुढे डांबर उखडलंय तिथे वळणात मागचं चाक बाजूला सरकतं, त्याची आता भीती बसली आहे. आई मागे असली की तीच गाडी छान चालते. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर "शॉकअप मऊ झालाय, कडक करून देतो" म्हणत त्यांनी शॉकअपच्या स्प्रिंगवरची रिंग आणखी आवळली. तेव्हापासून त्रास वाढलाच, शिवाय सिग्नलला टाचा टेकत नाहीत. आधीचे मालक चांगले ९० किलोचे होते.

दोघा मित्रांनी नवा शॉकअप घे म्हणून सांगितलं. पैसे घालायची तयारी आहे, पण आधी समजून घ्यायचंय. पुण्यात हे नीट कोण करून देतं? की घरी जमेल?

डोणजे_फाटा

घरी जमेल. आणि नवा शॉकअप आत्ता अजिबात घेऊ नका.

आई बसल्यावर गाडी छान चालते, यातच तुमचं उत्तर आहे. गाडी ९० किलोच्या माणसासाठी लावलेली आहे. आई बसली की वजन तिथवर पोचतं.

रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते हा समज सगळीकडे आहे, आणि तो चुकीचा आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांवर ठरतो, तो रिंगेने बदलत नाही. रिंग आवळली की गाडी मागून उंच होते, म्हणजे तुम्ही बसल्यावर ती कमी दबते. हे दबणं म्हणजे सॅग, आणि ते लागतंच. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा हवी. गाडी मुळात दबलेलीच नसेल तर चाक जमीन सोडतं आणि पलीकडच्या काठावर जाऊन आपटतं. वळणात चाक सरकतं तेही म्हणूनच: तेवढा क्षण टायर रस्त्यावर नसतो.

एक मेटल टेप घ्या आणि मदतीला दोन माणसं. त्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. जास्त हवा भरली असेल तर शॉकअपला उगाच दोष लागतो.

गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी हवं. एक्सलपासून सरळ वर, बॉडीवर चिकटपट्टी लावून एक खूण करा आणि अंतर मोजा. हे पहिलं माप. मग गाडी स्टँडवरून उतरवून उभी धरा, तुम्ही न बसता मोजा: दुसरं. मग हेल्मेट-जॅकेट-बूट सगळं घालून, पाय फुटपेगवर ठेवून नेहमीसारखं बसा. एकाने पुढून हँडल धरायचं, दुसऱ्याने मोजायचं: तिसरं. प्रत्येक वेळी सीट दाबून सोडा आणि मोजा, मग उचलून सोडा आणि मोजा, दोन्हींची सरासरी घ्या. शॉकअपचं सील आणि लिंकेज (शॉकअपला मागच्या चाकाशी जोडणारे सांधे) यांच्या घर्षणामुळे एकाच मापात फसगत होते.

पहिल्यातून तिसरं वजा केलं की तुमचा सॅग. हिमालयन ४११ चा मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक एकूण जेवढं वर-खाली होऊ शकतं ते अंतर, १८० मिमी. रस्त्यावरच्या वापराला त्याच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ५०–५५ मिमी धरून चला. पहिल्यातून दुसरं वजा केलेला आकडाही लिहून ठेवा, तो नंतर लागेल. आईला बसवूनही एकदा मोजा. आकडे इथे टाका, मग पाना हातात घ्या.

क्लच_प्लेट

एवढी मोजामोज कशाला? ४११ चा मूळ शॉकअप साधाच आहे. दुसऱ्या कंपनीचा चांगला आफ्टरमार्केट बसवा, विषय संपला.

डोणजे_फाटा

नवा शॉकअपही कुठल्यातरी वजनासाठीच लावून येतो. चुकीच्या वजनाची स्प्रिंग आली तर हाच धागा पुन्हा काढावा लागेल. पैसे खर्च करायचे असले तरी आधी हे तीन आकडे हवेतच, स्प्रिंग त्यावरूनच मागवता येते.

पल्सरवाला_हडपसर

ज्यांच्याकडे दोन शॉकअपच्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी: पल्सरसारख्या गाड्यांना खाचांची रिंग असते, हुकासारख्या पान्याने फिरते. डावी-उजवी एकाच खाचेत हवी. माझ्या गाडीची एक बाजू दुसऱ्या खाचेत आणि एक चौथ्या खाचेत होती. दिवे घाटात गाडी एका बाजूला ओढल्यासारखी वाटायची, मी वर्षभर टायरला दोष देत राहिलो. पाना टूलकिटमध्ये नसेल तर नाना पेठेत मिळतो. छिन्नी-हातोडीने रिंग फिरवू देऊ नका, खाचा तुटतात.

ॲक्टिव्हा ६जी लाही मागे तीन टप्पे आहेत, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

३९०_ॲडव्हेंचर_कोथरूड

माझ्या गाडीला डॅम्पिंगचे क्लिकर आहेत, म्हणजे टिकटिक करत टप्प्याटप्प्याने फिरणारे स्क्रू. वारज्याची_रायडर, तुमच्या गाडीला ते नाहीत, तरी धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो.

स्प्रिंग गाडी पेलते, डॅम्पिंग तिचा वेग आवरतं. दाबली जातानाचं कॉम्प्रेशन, परत वर येतानाचं रिबाउंड. रिबाउंड कमी असेल तर धक्क्यानंतर गाडी उसळून वर येते. हे लगेच कळतं. फार जास्त असेल तर पटकन कळत नाही आणि तेच जास्त फसवतं: ओळीने रंबलर आले की पहिल्या पट्टीतून चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरी येते, गाडी दरवेळी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटच्या पट्ट्या दगडासारख्या लागतात. लोकांना वाटतं शॉकअप कडक आहे, म्हणून ते कॉम्प्रेशन सैल करतात. रिबाउंड सैल करायला हवं असतं.

क्लिकर हलक्या हाताने पूर्ण बंद करून आधीचे क्लिक मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट, दोनच क्लिक बदला. रस्ता तोच, वेग तोच. मी खडकवासला धरण ते सिंहगड पायथा हा तुकडा ठरवून टाकलाय, त्यात खड्डे, वळणं, गतिरोधक सगळं मिळतं. सॅग नीट लावण्याआधी मात्र क्लिकरला हात लावू नका.

वारज्याची_रायडर

मोजलं! भाऊ आणि शेजारचे काका मदतीला होते. स्टँडवर ६१२ मिमी, नुसती गाडी ६०४, मी बसून ५८२. म्हणजे सॅग फक्त ३०. आईला बसवून ५४९, म्हणजे ६३.

डोणजे_फाटा

१८० पैकी ३० म्हणजे जेमतेम सतरा टक्के. आई बसली की पस्तीस टक्के. गाडी तुम्हाला हेच सांगत होती.

आता रिंग सैल करा. रिंग आणि आटे आधी ब्रशने साफ करा, चिखल अडकला असेल तर आटे खराब होतात. थोडी फिरवा, पुन्हा मोजा. स्प्रिंग हाताने हलेल इतकी सैल कधीच करायची नाही. झाल्यावर तीन गोष्टी बघा: चेनचा ढिलेपणा, हेडलाइट (मागून गाडी खाली आली की झोत वर जातो, समोरच्याच्या डोळ्यांवर), आणि साइड स्टँडवर गाडी फार सरळ तर उभी राहत नाही ना.

वारज्याची_रायडर

रविवारी केलं. रिंग जवळपास पूर्ण सैल आहे. आता नुसती गाडी ५९०, मी बसून ५६८. सॅग ४४. काल संध्याकाळी पानशेतपर्यंत जाऊन आले. उखडलेल्या पट्ट्यात चाक रस्ता सोडत नाही. कित्येक दिवसांनी त्या वळणात खांदे आखडले नाहीत. पायही टेकतात. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पण ५० का गाठता आले नाहीत?

डोणजे_फाटा

फार छान वाटलं वाचून.

आता तो दुसरा आकडा. नुसती गाडी २२ मिमी दबते आहे, ट्रॅव्हलच्या १२ टक्के. तुमचा सॅग ५४ वर नेला तर ती ३२ दबेल, ते जास्त होतं. याचा अर्थ स्प्रिंग तुमच्या वजनाला थोडी कडक आहे. उलटं असतं, म्हणजे माणूस बसल्यावर सॅग बरोबर पण नुसती गाडी जराही दबत नाही, तर स्प्रिंग मऊ समजायची. ४४ वर तुम्ही समाधानी असाल तर तसंच चालवा. पुढे कधी वाटलं तर फक्त मऊ स्प्रिंग बघा, पण मग आई मागे असताना काय होईल त्याचा आधी विचार करा. पावसाळ्यानंतर लिंकेज उघडून ग्रीस करून घ्या, ते अडकलं की ही सगळी मापं फिरतात.

पुढचा सॅगही मोजा. फोर्कवर, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळीवर, झिप-टाय बांधून मोजतात, पण तुमच्या गाडीला फोर्कवर रबरी गेटर (घड्यांची आवरणं) आहेत, ते आधी वर सरकवावे लागतील.

वारज्याची_रायडर

पुढचं येत्या रविवारी. रिंगेवर नेलपॉलिशच्या दोन खुणा केल्यात: लाल माझी एकटीची, निळी आईसोबतची. पाना सीटखाली ठेवलाय. शनिवारी आजोळी जायचंय, निघण्याआधी निळीवर आणून आईला बसवून पुन्हा मोजते आणि आकडा इथे टाकते.