तबकडीत फॉर्मल्डिहाइड दिसतं, मग मिथेनॉल का नाही?

रंकाळा_काठ (कोल्हापूर):
एम.एस्सी. प्रोजेक्टसाठी आल्मा या रेडिओ दुर्बिणीचा खुला डेटा घेतलाय. ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत फॉर्मल्डिहाइडची 218.222 गिगाहर्ट्झची वर्णपटरेषा ठळक येते, पण 218.440 ला मिथेनॉलचा मागमूस नाही. दोन्ही धूळकणांवरच्या एकाच बर्फात बनतात ना? की प्रोसेसिंगमध्ये रेषा गेली?

गोठणरेषा:
सुमारे 20 केल्विनखाली धूळकणांवर कार्बन मोनॉक्साइड गोठतो आणि त्याला हायड्रोजनचे अणू एकेक करून जोडले जातात. दोन जोडले की फॉर्मल्डिहाइड, चार जोडले की मिथेनॉल. पण फॉर्मल्डिहाइड वायूतही बनतं, मिथिल रॅडिकल आणि ऑक्सिजन अणूपासून. मिथेनॉलला वायूत असा सोपा मार्ग नाही. ते बर्फातून उडायला साधारण 100 केल्विन लागतात, बाहेरच्या थंड भागात ते कुठून येणार? अतिनील किरणांनी सुटताना रेणू बहुतेक मोडतोच. टीडब्ल्यू हायड्री हा तबकडी असलेला तारा जेमतेम 195 प्रकाशवर्षांवर, तरी तिथलं मिथेनॉल 2016 मध्ये हाती लागलं ते अनेक रेषांची बेरीज करूनच. त्यामुळे 'मिथेनॉल नाही' असं लिहू नका, वरची मर्यादा द्या, म्हणजे असलंच तर जास्तीत जास्त किती असेल तो आकडा.

पन्हाळा_वारा:
भावा, आधी कंटिन्यूअम (धुळीचा सलग प्रकाश, ज्यावर रेषा बसतात) वजा केलेली पायरी तपास. फॉर्मल्डिहाइडचीच 218.476 ची रेषा मिथेनॉलपासून फक्त 36 मेगाहर्ट्झवर आहे, वेगात सुमारे 49 किमी प्रति सेकंद. दोन्ही एकाच खिडकीत (वारंवारतेच्या पट्ट्यात) असतील तर कंटिन्यूअमच्या फिटमधून दोन्ही रेषांचे चॅनल (वारंवारतेचे बारीक कप्पे) वगळ. नाहीतर फिट वर उचललं जातं आणि क्षीण रेषा दबते.

आणि सगळ्या तबकडीची सरळ सरासरी घेऊ नको. तबकडी फिरते, म्हणून प्रत्येक पिक्सेलची रेषा वेगळ्या वेगावर बसते. प्रत्येक रेषा तिथल्या केप्लरच्या वेगाप्रमाणे (ताऱ्याभोवतीच्या कक्षेतल्या वेगाप्रमाणे) सरकवून मगच बेरीज कर. ताऱ्याचं वस्तुमान किंवा तबकडीचा कल चुकला की शिखर पसरतं, म्हणून आधी 218.222 वर करून बघ. तिथं टोकदार शिखर आलं की तेच आकडे मिथेनॉलला लाव. शेजारचे चॅनल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, हेही नॉइज काढताना धर. नाहीतर मर्यादा उगाच कडक येते.

रंकाळा_काठ:
मर्यादेसाठी तापमान किती धरायचं?

गोठणरेषा:
218.222 च्या वरच्या पातळीची ऊर्जा 21 केल्विनइतकी, 218.476 च्या 68. या दोन रेषांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून फॉर्मल्डिहाइडचं तापमान निघेल, मात्र 218.222 ला वायू अपारदर्शक असेल तर ते फुगून येतं. मिथेनॉल त्याच थरात असेल असंही नाही. 25, 50 आणि 75 केल्विन धरून तीन मर्यादा द्या. तुलनेला एचडी 100546 हा तारा घ्या: तबकडी उबदार, आणि तिथं मिथेनॉल वायूत सापडल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालंय.