ब्लूबेरीची पानं पिवळी पडताहेत, काय करू?

अंगणवेडी: आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला असतो. मागच्या एप्रिलमध्ये गराजच्या भिंतीलगत ब्लूक्रॉप जातीच्या ब्लूबेरीची दोन झुडपं लावली. यंदा पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. टोमॅटोचंच खत घातलं, कॉफीचा चोथाही टाकून झाला. अजून काय घालू?

मातीखालचा: ताई, आधी घालणं थांबवा! शिरा हिरव्या आणि बाकी पान पिवळं, म्हणजे बहुतेक झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत ते असतं, पण सामू (pH, म्हणजे आकडा कमी तितकी माती आंबट) चढला की ब्लूबेरीच्या मुळांना घेता येत नाही. तिला सामू ४.५ ते ५.५ लागतो. तुम्ही ‘भिंतीलगत’ म्हणालात तिथेच मला शंका आली. काँक्रीटमधला चुना मातीत उतरतो. तुमच्या राज्यातल्या रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या, मग बोलू. चोथ्याने सामू उतरत नाही, तो कंपोस्टमध्ये टाका.

अंगणवेडी: तपासली. ६.८!

मातीखालचा: मग भिंतीपासून लांब, उन्हात नवी जागा बघा. तिथलीही माती तपासा. सामू जास्त निघाला तर या हिवाळ्याआधी गंधक मिसळा. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्याला महिने लागतात. मार्चमध्ये कळ्या फुटायच्या आत झुडपं हलवा. मुळं उथळ असतात, मोठा गोळा धरून उचला. वर पाइनच्या सालीचा तीन-चार इंच थर द्या. खत अमोनियम सल्फेट, तेही बेताने. नायट्रेटवालं नको. त्या वर्षीची फुलं खुडून टाका. जिवावर येतं, माहीत आहे.

बोराटी: तुमच्याच राज्यात, व्हाइट्सबॉगला, एलिझाबेथ व्हाइट यांनी रानातून टपोऱ्या फळांची झुडपं शोधून आणवली. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्यासोबत त्यांतून लागवडीच्या जाती तयार केल्या. पहिलं पीक १९१६ मध्ये विकलं. तिथली माती मुळातच वाळूची आणि आंबट.
आणि फळ निळं झालं की लगेच तोडू नका. देठाजवळ लाली असेल तर आणखी काही दिवस थांबा. तोवर पाखरांसाठी जाळी.

गच्चीवाला_पुणे: मी पण लावू का हो ब्लूक्रॉप?

मातीखालचा: नको दादा. तिला हिवाळ्यात साधारण ८०० तास ७ अंशांखालची थंडी लागते, पुण्यात कुठली मिळायला? हौसच असेल तर कमी थंडीवर भागणारी मिस्टी किंवा बिलॉक्सी, मोठ्या कुंडीत. नाहीतर सरळ करवंद लावा.

अंगणवेडी: करवंदं! इथे ती मिळाली असती तर हा धागाच काढला नसता.